नकाशातलं भोक आणि कुमुदताई

तारखा आधी नोंदवतो. माणसांबद्दल लिहायला बसलं की मन पाघळतं. तारखा पाघळत नाहीत.

ऑगस्टमधला दुसरा सोमवार. या दिवशी अमेरिकेतल्या आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शिक्षण मंडळाने फर्नहिल गावचं हायस्कूल बंद केलं आणि आमच्या मुलांना तासाभराच्या बसप्रवासाला लावलं. जबाबदार: मंडळाचे झाडून सगळे सभासद, आणि माझ्या प्रत्येक पत्राला एकाच मजकुराचं उत्तर पाठवणारे त्यांचे अधीक्षक.

पुढच्या फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. फर्नहिल आणि शेजारचं मॅडर्स मिल, या दोन लहान गावांनी काउंटीतून बाहेर पडून आपल्या शाळा आपणच चालवणारं स्वतंत्र स्कूल डिस्ट्रिक्ट काढावं, असा प्रस्ताव या दिवशी नकाशासह प्रसिद्ध झाला. प्रस्तावाला जबाबदार: आम्ही सगळे, आणि त्याचा मला अभिमान आहे. नकाशाला जबाबदार: सुकाणू समिती, तिचे अध्यक्ष श्री. हार्लन, आणि समितीवरचे आपले दोन मराठी सभासद. त्यांची नावं लिहीत नाही. त्यांना ती ठाऊक आहेत.

दिवाळीच्या आधीचा शनिवार. जबाबदार: आपल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी निखिल, आणि कुणाच्याही दारात रिकाम्या हाताने न जाण्याची आपली पिढीजात सवय.

नोव्हेंबरातला मतदानाचा मंगळवार. जबाबदार: कुमुद गजभिये. एकट्या.

'एकट्या' या शब्दाला त्या हरकत घेतील. "दातार साहेब, खोटी साक्ष देऊ नका जी," असं नागपुरी हेल काढून म्हणतील. हरकत नोंदवून घेतली आहे. शब्द कायम.

कुमुदताई नागपूरच्या. पेशाने फार्मसिस्ट, इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलातून औषधविभागाच्या प्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या. उंची बेताची, केस पांढरेशुभ्र आणि कानाच्या पाळीपर्यंत कापलेले, अंगावर सुती साडी आणि पायात बारा महिने पळायचे बूट. मी, पेशाने वकील, उत्तरेकडचं पिस्कॅटवे सोडून मुलाच्या मागोमाग दक्षिणेकडच्या या राज्यात आलो, तेव्हा माझ्या घरापासून तिसरं घर त्यांचं होतं. यजमान पूर्वीच गेलेले, मुलगी मिनेसोटात नोकरीला. घरात त्या आणि त्यांची लेबलं.

लेबलं म्हणजे अक्षरशः लेबलं. त्यांच्या फ्रिजमध्ये निनावी वस्तूला प्रवेश नव्हता. डाळीच्या डब्यावर डाळीचं नाव आणि शिजवल्याचा वार. मला पहिल्यांदा लोणचं दिलं त्या बाटलीवर लिहिलं होतं: 'लिंबू. तिखट. दातार. जेवणाबरोबर, जेवणाऐवजी नव्हे.' माझ्या बायकोने ती बाटली संपल्यावरही टाकू दिली नाही.

दुसरी सवय वाचण्याची. कुठलाही कागद त्या मोठ्याने वाचत, आणि दोनदा वाचत. "एकदा डोळ्यांसाठी, एकदा हातांसाठी," असं त्यांचं म्हणणं. आणि वाचताना नाव पहिलं. औषध कितीही चांगलं असलं तरी ते कुणासाठी आहे हे आधी ठरतं, मग बाकी सगळं. शाळा बंद झाल्यावर मी अधीक्षकांना लिहिलेलं पहिलं पत्र मोठ्या उत्साहाने त्यांना दाखवायला नेलं होतं. त्यांनी ते खुर्चीत ताठ बसून दोनदा वाचलं. कलमं, पोटकलमं, सगळं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "राग भरपूर आहे. डोस नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणासाठी लिहिलं जी हे? यात एका तरी पोराचं नाव आहे का? अधीक्षकाला वाटेल, दातारांना काही तरी दुखतंय."

पत्र मी बदललं नाही. उत्तर छापील आलं. पुढच्या पत्रात मी आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं नाव घातलं, त्याच्या पालकांच्या लेखी संमतीने. उत्तर तरीही छापीलच आलं, पण या वेळी खाली हाताने सही होती. कुमुदताईंनी त्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "बघा. नाडी लागली."

चौदा एप्रिलला त्यांच्याकडे जेवण असे. निमंत्रण कुणालाच नसे, कारण ते सगळ्यांना असे. गॅरेज उघडून टेबलं मांडली जात आणि गावातली माणसं आपापली खुर्ची घेऊन येत. मराठी, तेलुगू, होंडुरासहून आलेली कुटुंबं, समोरच्या चर्चच्या म्हाताऱ्या बायका. जेवण सुरू व्हायच्या आधी त्या उभ्या राहून एवढंच म्हणत, "आज ज्यांचा जन्मदिवस आहे त्यांनी आम्हाला पुस्तक हातात घ्यायला सांगितलं. आम्ही घेतलं. आता जेवा." भाषण संपलं.

आता तो नकाशा.

फर्नहिल आणि मॅडर्स मिल यांच्या मधे, दोन्ही गावांच्या हद्दीबाहेर, थेट काउंटीच्या ताब्यातली एक पट्टी आहे. तिच्यावर पाइन कोर्ट नावाची भाड्याची अपार्टमेंट्स आहेत. पुण्या-नागपुराहून कामाच्या व्हिसावर आलेली आयटीतली मंडळी, कृष्णवर्णीय कुटुंबं, स्पॅनिश बोलणारे सुतार आणि रंगारी, असे सगळे तिथे राहतात. रस्ता ओलांडला की समोर प्राथमिक शाळा. पाइन कोर्टची मुलं त्या शाळेत पायी जात. ती शाळा नव्या डिस्ट्रिक्टमध्ये येणार होती, आणि काउंटीकडेच राहिली तर तिलाही टाळं लागणार हे काउंटीने जाहीर करून ठेवलं होतं.

समितीचा नकाशा लायब्ररीच्या भिंतीवर लागला. निळी रेषा फर्नहिलभोवती फिरून, मॅडर्स मिलला कवेत घेऊन, बरोबर पाइन कोर्टच्या कडेने वळली होती. चिखलाचं डबकं चुकवून माणूस जातो, तशी. शाळा रेषेच्या आत, पाइन कोर्ट बाहेर. ज्या मुलांना खिडकीतून शाळा दिसते ती मुलं उद्यापासून बसमध्ये बसून दूर काउंटीच्या दुसऱ्या टोकाला जाणार. नकाशाच्या कोपऱ्यात त्या तुकड्याला नाव दिलं होतं: 'वगळलेला भूखंड'.

कुमुदताईंनी नकाशा दोनदा वाचला. मी माझं टिपण काढतच होतो, तेवढ्यात त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हा नकाशा आहे का मेदूवडा?"

समितीवरचे आपले दोघे सभासद तिथेच होते. त्यातले एक, मोठं घर, तीन गाड्या, स्वभावाने वाईट नव्हेत, कुमुदताईंना बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, जरा प्रॅक्टिकल व्हा ना. ते लोक टेंपररी असतात. आज इथे, उद्या डॅलस. त्यांच्यासाठी आपली मतं कशाला घालवायची?"

"मी पण टेंपररीच आले होते. तुम्ही?"

"आमचं वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

"आम्ही घर घेतलं ना शेवटी!"

"हो का. मग पोरांनी आधी घर घ्यायचं, मग बाराखडी. लिहून द्या तसं, मी लावते भिंतीवर."

परत येताना गाडीत त्या बाहेर बघतच म्हणाल्या, "आमची वस्ती गावाच्या नकाशात नव्हती असं नाही. होती. चार घरांची खूण होती. विहिरीला नाव होतं, ओढ्याला नाव होतं, एका वडाला सुद्धा होतं. त्या चार घरांना नव्हतं." एवढंच. त्या दिवसानंतर त्यांच्यासमोर कुणी 'ते अपार्टमेंटवाले' म्हणालं की त्या वाक्य थांबवत. "पाइन कोर्ट. नाव आहे त्याला." श्री. हार्लन यांनाही एकदा भर सभेत असंच थांबवलं, आणि पुढे बोलण्याआधी त्यांना ते नाव उच्चारायला लावलं.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. आमच्या राज्यात नवं स्कूल डिस्ट्रिक्ट काढायचं तर आधी राज्याच्या अधिकाऱ्यासमोर जाहीर सुनावणी होते. नकाशा टिकला तर मग लोकांचं मतदान. सुनावणीत कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. पण पाइन कोर्टमधलं कुणी बोलायला तयार नव्हतं. मनीषा नावाची मुलगी, ती आणि नवरा मंदार दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, लेक अन्वी तिसरीत. कुमुदताईंच्या स्वयंपाकघरात बसून ती म्हणाली, "ताई, ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. मंदार म्हणतो, उगाच रेकॉर्डवर नाव कशाला? उद्या कोणी बघितलं तर?"

"बघू दे ना. तू काय चोरी सांगणार आहेस?"

"तसं नाही हो. आपण इथले सिटिझनच नाही. आपल्याला बोलायचा राइट आहे का?"

"दातार साहेब, सांगा तिला. लहान वाक्यात सांगा."

मी नियमावली नेलेली होती. लहान वाक्यात सांगितलं: नियमात शब्द 'रहिवासी' आहे. 'नागरिक' नाही. मनीषाने तो कागद स्वतःच्या हातात घेऊन वाचला. कुमुदताई म्हणाल्या, "अजून एकदा." तिने पुन्हा वाचला. अन्वी कोपऱ्यात फोनवर गेम खेळत होती. मान वर न करता म्हणाली, "आय डोंट गेट इट, आजी. इट्स लिटरली अक्रॉस द स्ट्रीट."

"हेच," कुमुदताई म्हणाल्या. "एवढंच बोलायचं. याच्यावर एक शब्द नाही."

सुनावणीच्या दिवशी सभागृहाच्या मधल्या वाटेत रांग लागली. पहिली मनीषा. आवाज कापत होता. "माझी मुलगी अन्वी. तिसरीत आहे. तिची शाळा आमच्या दारासमोर, रस्त्यापलीकडे आहे." बसली. तिच्यामागे रंगकाम करणारा एक गृहस्थ, कामावरून थेट आलेला, मनगटावर रंग. "माझा मुलगा माटेओ. पहिलीत. शाळा रस्त्यापलीकडे." बसला. मग एक कृष्णवर्णीय आजी, नातवाचं नाव. मग एक तेलुगू जोडपं, जुळ्यांची नावं. रांग हलत होती, आणि तेच एक वाक्य वेगवेगळ्या नावांनी सभागृहात पुन्हा पुन्हा उमटत होतं. श्री. हार्लन अस्वस्थ झाले. उभे राहून म्हणाले, "मुद्दा समितीच्या ध्यानात आला आहे. यांनी एक प्रतिनिधी निवडावा."

कुमुदताई रांगेत शेवटी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मुलं प्रतिनिधीमार्फत जेवत नाहीत, मिस्टर हार्लन. शिकतही नाहीत."

रांग पुढे सरकली. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी नकाशाकडे बोट केलं. "याला माझ्या स्वयंपाकघरात वडा म्हणतात, तुमच्याकडे डोनट. मी एकच विचारते. भोकात कोण राहतं, हे काढणाऱ्याला माहीत होतं का?"

सुनावणी अधिकारी एक तरुण बाई होत्या, चेहऱ्यावरची रेषही न हलवणाऱ्या. त्यांनी श्री. हार्लन यांना विचारलं, हा भाग का वगळला. उत्तर आलं, "भौगोलिक सलगतेसाठी." त्यांनी पुढे विचारलं, "फर्नहिलहून मॅडर्स मिलला तुम्ही कोणत्या रस्त्याने जाता?" श्री. हार्लन यांनी नकाशाकडे पाहिलं. "पाइन कोर्टवरून," ते म्हणाले. सभागृह हसलं. मीही हसलो, आणि हे मी प्रतिज्ञेवर सांगायला तयार आहे.

नकाशा परत पाठवला गेला. समितीने कुरकुरत रेषा सरळ केली. बाहेर पार्किंगमध्ये श्री. हार्लन कुमुदताईंना म्हणाले, "तुम्हाला हवा तो नकाशा मिळाला. आता हा प्रस्ताव पडेल. फर्नहिलचे निम्मे लोक यासाठी मत देणार नाहीत. मग शाळाही बंद होईल, आणि तुमच्या मुलांच्या हाती काहीच उरणार नाही."

धमकी नव्हती ती. हिशेब होता, आणि खोटा नव्हता. कुमुदताईंनी त्या रात्री पहिल्यांदाच मला फोन करून विचारलं, "दातार साहेब, मी पोरांची शाळा तर नाही ना घालवली?" मी कायद्याच्या दृष्टीने उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, "कायद्याचं नाही विचारलं जी." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या पाइन कोर्टच्या क्लबहाउसमध्ये उभ्या होत्या. ज्यांना सर्वांत जास्त गरज होती त्यांच्यापैकी बहुतेकांना मत नव्हतं. त्यांनी उपाय सांगितला तो असा: प्रत्येक घराने एक मतदार शेजारी धरायचा. त्याच्या दारात जायचं, आपल्या मुलाचं नाव सांगायचं, शाळा कुठे आहे ते सांगायचं, मत मागायचं आणि परत यायचं. वाद घालायचा नाही. मी माझ्या बाजूने एकच अट घातली: हातात काहीही न्यायचं नाही. मतदानाच्या मोसमात कुणालाही काहीही द्यायचं म्हणजे मोबदल्याच्या कायद्याशी गाठ.

यावर जो गदारोळ झाला तो सुनावणीतही झाला नव्हता.

"काका, असं रिकाम्या हाताने कसं जायचं कोणाच्या घरी?"

"निदान लाडू तरी? दोन?"

"एक सुद्धा नाही," मी म्हणालो.

"यार काका, तुम्ही फारच स्ट्रिक्ट आहात," निखिल म्हणाला. हा निखिल मूळचा मुंबईचा, मनाने सोन्यासारखा, आणि सगळी कामं एका फेरीत उरकण्याच्या कल्पनेने पछाडलेला.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी दरवर्षीप्रमाणे आपल्या मंडळाने अमेरिकन शेजाऱ्यांना फराळाचे डबे वाटले. त्यात गैर काही नव्हतं. पण निखिलने प्रत्येक डब्यात, शंकरपाळ्यांवर, 'होय म्हणून मत द्या' असा रंगीत कागद ठेवला. "एकाच ट्रिपमध्ये दोन्ही कामं झाली काका!" असं त्याने मला अभिमानाने सांगितलं. माझ्या तोंडून जे निघालं ते छापण्याजोगं नाही.

पुढच्या आठवड्यातल्या गावसभेत नव्या डिस्ट्रिक्टला विरोध करणाऱ्या गटाचे वकील उभे राहिले. एका हातात फराळाचा डबा, दुसऱ्या हातात चकली. "या काटेरी वस्तूच्या बदल्यात फर्नहिलची मतं विकत घेतली जात आहेत!" लोक हसले, पण सगळे नाही. काहींचे चेहरे कठोर झाले, आणि ते मला हसण्यापेक्षा जास्त दिसले. मी त्याच संध्याकाळी उत्तराचा मसुदा तयार केला. मत देण्याच्या अटीवर डबा दिलेला नाही, सबब मोबदला सिद्ध होत नाही, इत्यादी. कायद्याने आमची बाजू भक्कम होती.

कुमुदताईंनी मसुदा दोनदा वाचला. "कायद्यात बसतं?"

"पूर्णपणे."

"पण वास येतो ना?"

मी मान्य केलं की वास येतो.

"मग आमच्या धंद्यात एकच नियम. बाटलीत काही भलतं पडलं असेल अशी नुसती शंका आली, तरी ती बाटली परत मागवायची. दारोदार जाऊन. चल रे निखिल, गाडी काढ."

"ताई, सगळी घरं? आज?"

"ज्या घरी कागद गेला त्या प्रत्येक घरी. लिस्ट तर केली असशील, सेक्रेटरी ना तू?"

आणि त्या गेल्या. मी मागच्या सीटवर होतो, म्हणून हे ऐकीव नाही. प्रत्येक दारात त्या एकच बोलत: "आमच्या डब्यात चुकून एक कागद आला. डबा सणाचा होता, तो तुमचाच. कागद मला परत द्या. मत तुमचं आहे, त्याचा आमच्या खाण्याशी संबंध नाही. माफ करा." कागद घेत आणि निघत. दोन दारं आमच्या तोंडावर बंद झाली. एका माणसाने कागद चुरगळून त्यांच्या हातात कोंबला. त्यांनी तो सरळ केला, घडी घातली आणि आभार मानले.

पण तिसऱ्या गल्लीपासून काही तरी वेगळं घडू लागलं. लोक थांबवून विचारू लागले. कागद मागे घ्यायला स्वतः आलेली बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती. "थांबा. हे कसलं मतदान आहे नेमकं?" आता विचारलंच आहे म्हटल्यावर त्या सांगत. अन्वीचं नाव. माटेओचं नाव. शाळा रस्त्यापलीकडे.

मिस अर्लीन या चर्चच्या म्हाताऱ्या बाई, मॅडर्स मिलमध्ये जन्मलेल्या आणि तिथेच राहिलेल्या. त्यांनी दार उघडलं ते हात झटकत. "डबा संपला. कागद मिळणार नाही. तो मी फ्रिजवर लावलाय."

"तो आम्हाला परत हवा, मिस अर्लीन. नियमाचा प्रश्न आहे."

"हनी, नियम मला शिकवू नकोस. मी लहान होते तेव्हा ही गावाच्या हद्दीची रेष दुसऱ्या रस्त्यावरून जायची. ती कुणी हलवली ते मी पाहिलंय. आमच्यासारख्या जुन्या गाववाल्यांनीच." मग आत जाऊन त्यांनी कागद आणून दिला. "घे. मला वाचून झालाय. आता मी स्वतःच्या तोंडाने सांगते सगळ्यांना. माझ्या तोंडावर तुमच्या वकिलाचा काही नियम आहे का?"

नाही, मी म्हणालो. नव्हता.

पुढल्या रविवारपासून चर्चच्या पायऱ्यांवर, केस कापायच्या दुकानात, बेसबॉलच्या मैदानाच्या कुंपणाशी, सगळीकडे एकच विषय होता: फराळाचा कागद परत न्यायला आलेली ठेंगणी बाई. विरोधी वकिलांनी चकलीचा उल्लेख पुन्हा केला नाही.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निकालाचा कागद टाउन हॉलच्या दारावर लागला. मी वाचला. कुमुदताई मागून म्हणाल्या, "मोठ्याने जी." मी मोठ्याने वाचला. प्रस्ताव मंजूर, फर्नहिलमध्ये मंजूर, मॅडर्स मिलमध्ये मंजूर. "अजून एकदा." दुसऱ्यांदा वाचताना माझा आवाज मला साथ देईना, तेव्हा उरलेलं मनीषाने वाचलं, खणखणीत, सुनावणीतल्या मनीषाची कुणाला आठवणही होऊ नये असं.

निखिलने ऑफिसातून सुट्टी टाकून मंडळाचं ढोलपथक पार्किंगमध्ये उभं केलंच होतं. पहिली थाप पडली आणि शेरीफचा माणूस परवानगी विचारायला आला. परवानगी माझ्या खिशात होती. निकालाच्या आधीच काढून ठेवलेली, सही-शिक्क्यासह. त्याने ती वाचली, टोपी मागे सरकवली आणि थोड्या वेळाने त्याच्या बुटाचं टोक तालावर हलू लागलं. मिस अर्लीननी निखिलच्या गळ्यातला ताशा काढून स्वतःच्या गळ्यात घातला. रंगारी नाचले, तेलुगू नाचले, समितीवरचे आपले दोघे सभासदही कडेकडेने नाचले. नाचू दिलं.

श्री. हार्लन शेवटी आले. कुमुदताईंसमोर उभे राहून म्हणाले, "मोजणीच्या बाबतीत माझं चुकलं."

"आणि नकाशाच्या बाबतीत?"

श्री. हार्लन यांनी हात पुढे केला. कुमुदताईंनी तो घेतला, आणि दुसऱ्या हाताने पाइन कोर्टच्या दिशेने दाखवून म्हणाल्या, "नाव घ्या एकदा." त्यांनी घेतलं.

नव्या डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या पहिल्याच सभेत लोकांनी कुमुदताईंना आग्रह केला की पुढच्या निवडणुकीला तुम्ही उभं राहा, सभासद व्हा. त्यांनी नकार दिला. मुलीने मिनेसोटाला, ईडन प्रेरीला बोलावून घेतलं होतं. पण तीन मिनिटांची आपली पाळी त्यांनी सोडली नाही. पाइन कोर्ट आणि शाळा यांच्या मधल्या रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्या आखाव्यात आणि शाळा सुटायच्या वेळी एक माणूस उभा करावा, एवढीच मागणी त्यांनी केली. "रेष काढायचीच हौस असेल," त्या म्हणाल्या, "तर तिथे काढा." टाळ्या झाल्या. बोर्डाचे अध्यक्ष म्हणाले, विचार करू.

त्या गेल्या त्या दिवशी विमानतळावर मी सोडणार होतो. बॅगांवर लेबलं, अर्थातच. दुपार होती. शाळेच्या रस्त्यावर आल्यावर म्हणाल्या, "थांबवा जरा." शाळा सुटली होती. मुलांचा घोळका कडेला उभा, आणि रस्त्यावरून गाड्या भरधाव. काही विचारायच्या आत त्या गाडीतून उतरल्या, साडीचा पदर खोचला आणि त्या पळायच्या बुटांनी रस्त्याच्या मधोमध जाऊन हात वर केला. एक पिकअप ट्रक कचकन ब्रेक मारून थांबला. ड्रायव्हरने काच खाली केली. काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या हाताने त्या मुलांना बोलवत होत्या, एकेकाला, नावाने. अन्वी धावत गेली, माटेओ दप्तर सावरत गेला, जुळी हात धरून गेली. शेवटचं मूल पलीकडे पोहोचेपर्यंत तो हात खाली आला नाही. पांढरे केस, वर केलेला तळहात, आणि मागे हॉर्न न वाजवता उभी राहिलेली गाड्यांची रांग. माझ्या डोळ्यांसमोर त्या अशाच आहेत.

आता प्रश्न. नव्या बोर्डाच्या अध्यक्षांना मी याबाबत पत्रं पाठवली आहेत आणि त्यांची पोच माझ्याकडे आहे. लेख मराठीत असला तरी त्याचं इंग्रजी भाषांतर सोबत पाठवत आहे, म्हणजे भाषेची सबब राहणार नाही. हे डिस्ट्रिक्ट ज्या मुलांच्या नावांवर उभं राहिलं ती मुलं आजही त्या रस्त्यावर ताटकळतात, आणि हात वर करणारी बाई आता दुसऱ्या राज्यात आहे. पट्ट्या कधी आखणार? तिथे कोण उभं राहणार? उत्तर मला पत्राने नको. खाजगीत नको, फोनवर नको, 'विचाराधीन आहे' या शब्दांत तर मुळीच नको. पुढच्या जाहीर सभेत, उभं राहून, माइकवर, पाइन कोर्टच्या पालकांसमोर ते द्यावं. आणि देताना आधी नाव घ्यावं.